राउटरमधून फोन: रिंग वाजते, मग आवाज का येत नाही?

फायबर किंवा केबलचं इंटरनेट घेतलं की सोबत बऱ्याचदा लँडलाइन नंबरही मिळतो. टेलिफोनची जुनी तांब्याची तार नसते, फोनची वायर सरळ राउटरच्या मागे खोचली जाते. त्याच राउटरवरून घरातले मोबाइल व्हॉट्सॲप कॉल करतात, कुणी वाय-फाय कॉलिंग वापरतं, तर घरून काम करणारं कुणी ऑफिसचा इंटरनेट फोन जोडून बसतं.

या सगळ्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. रिंग वाजते, फोन उचलला जातो आणि पुढे शांतता. आपलं बोलणं समोरच्याला ऐकू जातं, त्याचं आपल्याला येत नाही. बाहेर फोन लागतो, पण बाहेरून येत नाही. कॉल नेमका अर्ध्या मिनिटाने तुटतो.

दोष बहुतेकदा स्पीडला दिला जातो आणि महागडा प्लॅन घेतला जातो. तक्रार मात्र तशीच राहते. कारण यातल्या बऱ्याच बिघाडांचं मूळ स्पीडमध्ये नसून पत्त्यांमध्ये असतं. घरातल्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता राउटर बाहेर जाताना बदलतो आणि आत येताना पुन्हा बदलतो. वेबसाइट उघडताना हे कळतही नाही. फोन कॉलला मात्र ते नडतं.

राउटरच्या मागची दोन प्रकारची भोकं

राउटरच्या मागे रुंद भोकं असतात, ती संगणकाच्या लॅन केबलसाठी. त्यांना आरजे ४५ म्हणतात. त्यांच्या शेजारी एखादं अरुंद भोक असेल आणि त्यावर फोनचं चित्र किंवा 'फोन', 'टेल', 'पॉट्स' असं लिहिलेलं असेल, तर ते साध्या टेलिफोनसाठी आहे. ते आरजे ११. असं भोक असलेल्या राउटरमध्ये इंटरनेटच्या यंत्रणेबरोबरच एक छोटं टेलिफोन एक्स्चेंजच बसवलेलं असतं, असं म्हणता येईल. डायल टोन तोच तयार करतो, रिंगसाठी वीज तोच पाठवतो आणि बोलण्याचे आकडे तोच बनवतो.

ही कल्पना अमेरिकेतल्या केबल टीव्हीच्या धंद्यातून मोठी झाली. टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट नेण्यासाठी केबललॅब्स या तिथल्या केबल कंपन्यांच्या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये डॉक्सिस नावाचं मानक आणलं. पण एका केबलवर शेकडो घरं असतात आणि डेटा वर पाठवायला प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. वेब पेजला हे चालतं, बोलण्याला चालत नाही. म्हणून डॉक्सिसच्या पुढच्या १.१ आवृत्तीत आवाजासाठी ठरावीक अंतराने पाळी राखून ठेवायची सोय झाली आणि तिच्यावर पॅकेटकेबल ही फोनसेवेची मानकं उभी राहिली. मॉडेम आणि फोनचा भाग एकाच डब्यात आले. फायबरच्या डब्यातला फोन पोर्टही याच कल्पनेवर चालतो.

आवाजाला स्पीड लागतो तरी किती?

फारच थोडा. लँडलाइन दर्जाच्या आवाजासाठी सेकंदाला ८,००० वेळा ध्वनीची नोंद घेतली जाते आणि प्रत्येक नोंद ८ बिटची असते. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. त्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे केले की सेकंदाला ५० पॅकेट होतात. प्रत्येक पॅकेटवरचा पत्त्याचा मजकूर धरला तरी एका बाजूला १०० किलोबिटच्या आतच काम भागतं. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये हा वाटा एक दशांश टक्कासुद्धा नाही.

आवाजाला हवी असते ती वेळेची शिस्त. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार तोंडातून निघालेला आवाज समोरच्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर संभाषण बहुधा सहज वाटतं. घरात कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करत असेल, तर अपलोडच्या रांगेत आवाजाची पॅकेट अडकतात. तेव्हा बोलणं तुटक येतं. ही तक्रार मात्र खरोखर रांगेची असते, पत्त्याची नाही.

नॅट म्हणजे काय?

इंटरनेटवरच्या प्रत्येक उपकरणाला आयपी ॲड्रेस लागतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, हा पत्ता ३२ बिटचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. जगातल्या मोबाइल, टीव्ही, संगणक आणि कॅमेऱ्यांना ते पुरणं शक्यच नव्हतं. पत्ते वाटणाऱ्या जागतिक संस्थेचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला.

टंचाई येणार हे मात्र आधीच दिसत होतं. म्हणून १९९४ मध्ये एक तोडगा मांडला गेला: नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजेच नॅट. घराला बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता आणि आतल्या उपकरणांना खासगी पत्ते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते ओळखीचे असतात. ते लाखो घरांत एकसारखेच असतात आणि घराबाहेर त्यांना काही अर्थ नसतो.

हे समजायला हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणावी. बाहेरच्या जगाला सोसायटीचा एकच पत्ता माहीत आहे. गेटवर वॉचमन आहे, त्याच्याकडे रजिस्टर आहे. ३०२ नंबरच्या फ्लॅटमधून पत्र बाहेर निघालं की वॉचमन पाकिटावर सोसायटीचा पत्ता टाकतो, त्यापुढे एक टोकन नंबर लिहितो आणि त्या टोकनपुढे ३०२ अशी नोंद करतो. उत्तर त्या टोकनवर आलं की रजिस्टर पाहून तो ते ३०२ मध्ये पोचवतो. राउटर हेच करतो. टोकनला पोर्ट नंबर म्हणतात आणि असे ६५ हजारांहून जास्त नंबर उपलब्ध असतात.

या पद्धतीतून दोन गोष्टी निघतात. बाहेरून न बोलावता आलेलं पत्र कुणाचं, हे वॉचमनला कळत नाही, म्हणून तो ते परत पाठवतो. आणि बराच वेळ पत्रव्यवहार झाला नाही, तर रजिस्टरमधली नोंद खोडली जाते.

कॉल इथेच का अडखळतो?

वेबसाइट पाहताना सुरुवात नेहमी आतून होते, म्हणून नॅटचा त्रास होत नाही. फोनचं तसं नाही. फोन बाहेरून, कधीही येऊ शकला पाहिजे. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ऑफिसचे इंटरनेट फोन बहुतेक वेळा सिप नावाच्या पद्धतीने कॉल जोडतात. १९९९ मध्ये ती मानक म्हणून आली आणि २००२ मध्ये तिची सध्याची आवृत्ती निघाली. सिपचं काम फक्त रिंग देण्याचं आणि कॉल जोडण्याचं. प्रत्यक्ष आवाज वेगळ्या वाटेने, वेगळ्या पोर्टवरून जातो. तो कुठे पाठवायचा, हे फोन सिपच्या निरोपाच्या आत लिहून कळवतो.

इथेच गोची होते. वॉचमन पाकिटावरचा पत्ता बदलतो, पण आतलं पत्र वाचत नाही. पत्रात लिहिलेलं असतं, 'उत्तर ३०२ मध्ये पाठवा.' कोणती सोसायटी, कोणतं गाव, काही नाही. समोरचा फोन आपला आवाज १९२.१६८ च्या खासगी पत्त्यावर पाठवायला बघतो आणि तो आवाज कुठेच पोचत नाही. रिंग वाजते, कारण रिंगचा निरोप पाकिटावरच्या पत्त्याने आला. आवाज येत नाही, कारण त्याचा पत्ता पत्राच्या आत चुकीचा राहिला. आपलं बोलणं मात्र त्यांना ऐकू जातं, कारण त्यांच्या सर्व्हरचा पत्ता खरा असतो.

राउटरचाच फोन पोर्ट यातून कसा सुटतो?

राउटरच्या मागे लावलेला साधा टेलिफोन या भानगडीतून बहुधा सुटतो. त्याचा फोनचा भाग नॅटच्या आत बसलेला नसतो. केबल मॉडेममधल्या फोनच्या भागाला कंपनीच्या नेटवर्कमध्ये स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो. फायबरच्या डब्यातही आवाजासाठी बहुधा वेगळी वाट राखलेली असते. सोसायटीच्या भाषेत सांगायचं, तर या फोनला रस्त्यावर उघडणारं स्वतंत्र दार आहे.

म्हणून एक चाचणी सोपी आहे. राउटरच्या फोन पोर्टवरचा फोन नीट चालतो आणि लॅन किंवा वाय-फायवरचा इंटरनेट फोन अडखळतो, असं असेल तर संशय नॅटवर घ्यावा. दोन्ही अडखळत असतील, तर लाइन किंवा कंपनीची सेवा तपासावी.

याचाच दुसरा अर्थ असा, की कंपनीचा डबा काढून बाजारातून आणलेला राउटर लावला, तर इंटरनेट चालेल, पण लँडलाइन नंबर बहुधा मुका होईल. त्या नंबरची ओळख कंपनीच्या डब्यात भरलेली असते.

व्हॉट्सॲप कॉल मग कसा चालतो?

अशी ॲप नॅट आहे असं गृहीत धरूनच बनवलेली असतात. फोन आधी बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतो, 'मी तुला कोणत्या पत्त्यावरून आणि कोणत्या पोर्टवरून दिसतो?' मिळालेलं उत्तर तो समोरच्याला कळवतो. मग दोन्ही बाजू एकाच वेळी एकमेकांना पॅकेट पाठवतात. दोन्ही वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद होते आणि वाट उघडते. पत्ता विचारण्याच्या या पद्धतीचं नाव स्टन. तेही जमलं नाही, तर आवाज मधल्या सर्व्हरवरून फिरवून नेला जातो, त्या पद्धतीला टर्न म्हणतात.

यात खासगीपणाचा एक मुद्दा आहे. दोन फोन थेट जोडले गेले की समोरच्याच्या फोनला आपला बाहेरचा आयपी ॲड्रेस कळतो. त्यावरून इंटरनेट कंपनी आणि ढोबळ परिसर यांचा अंदाज बांधता येतो. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये यासाठी एक पर्याय दिला. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ॲडव्हान्स्ड आणि तिथे कॉलमध्ये आयपी ॲड्रेस लपवण्याचा पर्याय आहे. तो सुरू केला की कॉल कंपनीच्या सर्व्हरवरून फिरतात. आवाजाचा दर्जा थोडा उतरू शकतो, पण बोलणं एन्क्रिप्टेडच राहतं. अनोळखी लोकांशी कामानिमित्त बोलावं लागणाऱ्यांनी हा पर्याय सुरू ठेवलेला बरा.

वाय-फाय कॉलिंग वेगळं आहे

मोबाइल कंपनीचं वाय-फाय कॉलिंग भारतात २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला मोठ्या कंपन्यांनी सुरू केलं. यात मोबाइल घरच्या वाय-फायवरून कंपनीच्या नेटवर्कपर्यंत एक बंद बोगदा तयार करतो आणि कॉल त्यातून जातो. नॅट ओलांडण्यासाठी हा बोगदा ५०० आणि ४५०० हे पोर्ट वापरतो. ऑफिस, हॉस्टेल किंवा हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप चालतं, पण वाय-फाय कॉलिंग नाही, असं झालं तर हे पोर्ट अडवलेले असण्याची शक्यता असते.

मदतीला आलेली सेटिंग जेव्हा अडचण होते

सिपची अडचण सोडवायला राउटर बनवणाऱ्यांनी एक सोय दिली: सिप एएलजी. म्हणजे वॉचमनने पाकीट उघडून आतल्या पत्रातला पत्ताही बदलायचा. कल्पना चांगली, पण अनेक राउटरमध्ये ते काम अर्धवट होतं. पत्रात एका ठिकाणी पत्ता बदलला जातो, दुसऱ्या ठिकाणी जुनाच राहतो. शिवाय आता बरेच फोन आणि सर्व्हर नॅटचा बंदोबस्त स्वतःच करतात. दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती केली की पत्ता आणखी बिघडतो. म्हणूनच इंटरनेट फोनसेवा देणाऱ्या अनेक कंपन्यांची पहिली सूचना 'राउटरमधलं सिप एएलजी बंद करा' अशी असते.

एकावर एक दोन गेट

पत्ते संपल्यामुळे आता बऱ्याच कंपन्या घरालाही खरा पत्ता देत नाहीत. शेकडो घरं मिळून एक पत्ता वापरतात. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. सोसायटीच्या गेटबाहेर टाउनशिपचं आणखी एक गेट आणि तिथे आणखी एक रजिस्टर, असा हा प्रकार. यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आले.

आपल्याकडे हे आहे का, हे तपासता येतं. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' असा पत्ता दिसतो. 'माझा आयपी' दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १०, १००.६४ ते १००.१२७ किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर वाटेत आणखी एक नॅट आहे. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग होत नाही, कारण बाहेरचं गेट कंपनीच्या हातात असतं. खरा पत्ता हवा असेल, तर कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागावा लागतो आणि त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात.

दुसरं गेट कधीकधी घरातच असतं. कंपनीच्या राउटरला स्वतःचा दुसरा राउटर जोडला की नॅट दोनदा होतं. दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकलं की हा प्रश्न मिटतो.

लक्षणावरून कारण ओळखा

- रिंग वाजते, आवाज एकाच बाजूने येतो: आवाजाचा पत्ता चुकतोय. सिप एएलजी बंद करून राउटर पुन्हा सुरू करावा, फोनमध्ये स्टन सुरू करावं.
- कॉल नेमका साधारण ३२ सेकंदांनी तुटतो: 'कॉल उचलला, कळलं' ही पोच समोर पोचत नाही. सिपमध्ये तिची वाट ३२ सेकंद पाहिली जाते. इथेही पहिला संशय सिप एएलजीवर.
- बाहेर फोन लागतो, आत येत नाही. आपण एक कॉल केला की थोडा वेळ येऊ लागतात: राउटरच्या रजिस्टरमधली नोंद खोडली जातेय. ती किमान २ मिनिटं राहावी, असं मानक सांगतं, पण काही राउटर त्याआधीच खोडतात. फोनमध्ये 'कीप अलाइव्ह' ३० सेकंदांच्या आत ठेवावं.
- आवाज तुटक, विशेषतः संध्याकाळी किंवा कुणी अपलोड करत असताना: रांगेची अडचण. फोन वाय-फायऐवजी लॅन केबलने जोडावा, राउटरमधल्या 'क्यूओएस'मध्ये आवाजाला प्राधान्य द्यावं.
- राउटरच्या फोन पोर्टवर डायल टोनच नाही: राउटरवरचा फोनचा दिवा पाहावा. तो बंद असेल तर नंबरची नोंदणी झालेली नाही. हे काम कंपनीचं.

वीज गेली तर?

जुन्या लँडलाइनला घरातली वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधून तारेवरूनच ४८ व्होल्ट यायचे आणि तिथे बॅटऱ्यांची सोय असायची. म्हणून पावसाळ्यात दोन दिवस अंधार असला तरी फोन चालायचा. राउटरवरचा फोन मात्र वीज गेली की त्याच क्षणी बंद होतो.

राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस यावर उपाय आहे, पण तो पुरेल का, हे लाइनवर अवलंबून असतं. थेट घरापर्यंत आलेल्या फायबरमध्ये एक्स्चेंज आणि घर यांच्यातल्या विभाजकाला बहुधा वीज लागत नाही, त्यामुळे घरातला यूपीएस बराच वेळ साथ देतो. केबलवाल्याने इमारतीच्या जिन्यात स्विच बसवून तिथून लॅनची वायर दिली असेल, किंवा रस्त्यावर केबलचे ॲम्प्लिफायर असतील, तर त्यांची वीज गेल्यावर घरातला यूपीएस निरुपयोगी ठरतो. कनेक्शन घेतानाच हे विचारून ठेवावं.

घरात एकटे राहणारे आई-वडील असतील, तर हा मुद्दा जिवाशी येऊ शकतो. आणीबाणीचा ११२ हा नंबर व्हॉट्सॲपवरून लागत नाही. म्हणून अशा घरात राउटरवरच्या लँडलाइनबरोबर एक चार्ज केलेला साधा मोबाइलही हवा. कॉर्डलेस फोनच्या बेसलाही वीज लागते, हेही लक्षात ठेवावं.

या गोष्टी करू नयेत

आवाज येत नाही म्हणून फोनला 'डीएमझेड'मध्ये टाका, सगळे पोर्ट उघडा, असा सल्ला इंटरनेटवर सहज मिळतो. तो धोक्याचा आहे. सिपचा नेहमीचा पोर्ट ५०६० आहे आणि तो उघडा असलेली उपकरणं शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत फिरत असतात. फोनचा पासवर्ड सोपा असेल, तर त्यावरून महागडे परदेशी कॉल केले जातात आणि बिल मालकाच्या नावावर येतं.

राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद ठेवावी. गरज नसेल तर यूपीएनपीही बंद ठेवावं, कारण त्यातून घरातलं कोणतंही उपकरण विचारल्याशिवाय पोर्ट उघडू शकतं. कोणतीही सेटिंग बदलण्याआधी जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवावा.

नॅट आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हाही अर्धाच खरा समज. नॅट न बोलावलेलं पॅकेट अडवतं. पण आतल्याच कुणी फसव्या लिंकवर क्लिक केलं, तर उत्तर आत आणून देण्याचं कामही तेच करतं.

पुढे काय?

या सगळ्याच्या मुळाशी पत्त्यांची टंचाई आहे आणि तिच्यावर उत्तर आहे आयपीव्ही६. त्यात पत्ता १२८ बिटचा असतो. एकूण पत्ते होतात साधारण ३४ वर ३७ शून्यं, म्हणजे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा खरा पत्ता. आयपीव्ही६ वापरण्यात भारत जगात आघाडीवर आहे आणि बऱ्याच मोबाइल व फायबर जोडण्यांवर तो आधीपासूनच चालू असतो. पण समोरची बाजू जुन्याच पद्धतीवर असेल, तर कॉल पुन्हा नॅटमधूनच जातो. त्यामुळे वॉचमनचं रजिस्टर एवढ्यात बंद होणार नाही.

तोवर उचललेल्या फोनवर शांतता असेल, तर प्लॅन वाढवण्याआधी राउटरच्या फोन पोर्टची चाचणी, सिप एएलजी, दुसरा राउटर आणि वॅन आयपी या चार गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. त्यासाठी पैसे लागत नाहीत. आणि तरीही कंपनीला फोन करावा लागला, तर नुसतं 'नेट स्लो आहे' असं न सांगता 'आवाज एकाच बाजूने येतो' किंवा 'कॉल ३२ सेकंदांनी तुटतो' असं नेमकं सांगावं. तक्रार योग्य माणसाकडे लवकर पोचते.